दोन मिलिमीटर डावीकडे

थोरलीचं दहावीचं वर्ष. मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण असतं, म्हणून आमच्या घरात दर दोन दिवसांनी एका कवितेची चिरफाड चालते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. तिन्ही मुद्द्यांखाली चार-चार वाक्यं पडली की कविता निकालात. मागे एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबा, सगळ्या कवितांना तेच तेच लिहिलं तरी चालतं. कवितेत काय आहे ते पाहायचीसुद्धा गरज नाही." मी गप्प बसलो, कारण मुद्दा बरोबर होता. तेवढ्यात टेबलावर चाळा करणाऱ्या माझ्या हाताला एक लोखंडी पट्टी लागली. धाकटी आठवीत आहे. तिच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस वर्कशॉप असतं, आणि तिथं तिनं स्वतःच्या हातानं पुरा केलेला हा पहिला 'जॉब': एक कीचेन. म्हटलं, याचंच करून पाहू. यात लिहिणारीनं एकच अक्षर वापरलंय, तेव्हा तयार वाक्यं कामाला येणार नाहीत.

आधी संहिता. माइल्ड स्टीलची पट्टी, वर्कशॉपच्या बोलीत एमएस फ्लॅट. लांबी ६० मिलिमीटर, रुंदी २५, जाडी ३. चारही कोपरे गोल. वरच्या बाजूला ५ मिलिमीटरचं भोक आणि त्यात बाजारातून आणलेली दुपदरी कडी. पुढून 'आ' हे अक्षर. मागून कोरं. भोक मध्यावर नाही, डावीकडे सरकलंय. अक्षरही तिरपं आहे. वर्कशॉपच्या सरांनी व्हर्नियर लावला, भोक दोन मिलिमीटर चुकल्याचं दाखवलं, अक्षराकडे बघून मान हलवली आणि दहापैकी सात दिले. गुणांवरून घरात तक्रार आली नाही. धाकटी फक्त एवढंच म्हणाली, "सरांनी ते टेबलावर ठेवून पाहिलं." त्या वाक्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला, त्याकडे येतोच.

हे कीचेन आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी केलंय. 'आ' आजीचा. आई या वस्तूला कीचेन म्हणत नाही. दुकानांच्या पाट्यांवर बरेचदा 'किचन' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता: "चाब्या अडकवायच्या वस्तूला किचन काऊन म्हणतात बापा?" पुस्तकात किल्ली, नागपुरात चाबी. आणि चाब्या अडकवायच्या वस्तूला तिच्या लेखी एकच नाव आहे, छल्ला. तिच्या सासूच्या कमरेला चांदीचा छल्ला असायचा, त्यात कोठीची, कपाटाची आणि देवघरातल्या पेटीची अशा तीन चाब्या. घरातली सत्ता कोणाकडे आहे ते चालण्याच्या आवाजावरून कळायचं.

मनीषनगरात सत्ता वाटून गेली आहे. वर्धा रोडवरून आत वळून रेल्वे ओलांडली की बेसा-बेलतरोडीपर्यंत फ्लॅट-स्कीमच स्कीम. एका घराला चार-पाच चाब्या, प्रत्येकाची एक. नवरा-बायको दोघं कामावर, मूल शाळेतून आधी घरी येतं, त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात लॅचची चाबी. पूर्वी फाटक पडलं की अर्धा मनीषनगर रुळाच्या एका बाजूला चाबी घेऊन उभा आणि दुसऱ्या बाजूला मूल दाराशी उभं, असे प्रसंग घरोघरी घडले. २०२० च्या नोव्हेंबरात उड्डाणपूल आणि खालचा रस्ता सुरू झाला, त्याच वेळी वर्धा रोडवरचा दुमजली पूलही.   सांगायचं ते हे की अशा वस्तीत चाबीला लावायची वस्तू ही नुसती शोभेची वस्तू उरत नाही. दिवसातून तीनदा ती कोणाच्या तरी मुठीत येते. वाचक इतक्या वेळा परत येणार असेल तर लिहिणारीवर जबाबदारी वाढते.

पहिलं वाचन वजनाचं. मुठीत ही पट्टी ठेवली की मूठ थोडी खाली जाते. साडेचार घनसेंटिमीटर लोखंड, कोपरे आणि भोक वजा जाता सुमारे ३४ ग्रॅम. हीच पट्टी अॅल्युमिनियमची असती तर बारा ग्रॅमच्या आसपास भरली असती, करायलाही सोपी गेली असती. निदान वरवर तरी सोपी. कारण मऊ अॅल्युमिनियम कानशीच्या दातांत अडकून बसतं आणि मग तेच कण कामावर ओरखडे काढतात. स्टील तसं सरळ माणूस आहे. दाद द्यायला वेळ लावतं, पण एकदा घासलं की जिथं घासलं तिथंच घासलं जातं. वजनाचा तोटाही सांगायला हवा. स्कूटरच्या चाबीला हे लटकवलं तर खड्ड्या-खड्ड्यात हेलकावे घेईल, आणि घराच्या दाराचं लॅच उघडताना ते सनमायकावर आपटतं. दोन टवके उडालेत आधीच. रसग्रहणात दोष लिहायचे नसतात असं थोरलीला शिकवलंय; मला ते पटत नाही.

आता छंद. कानस हे दिसायला उगाच रागीट हत्यार वाटतं, पण तिला शिस्त आहे. ती फक्त पुढे जाताना कापते. पुढे दाब, मागे येताना हात हलका. मागे येतानाही दाबलं तर दात बोथट होतात आणि कामही होत नाही. म्हणजे एक गुरू, एक लघु. गुरूवर जोर, लघूवर श्वास. तासभर हेच. धाकटीनं घरी येऊन मला हवेत करून दाखवलं तेव्हा तिचं सगळं अंग त्यात होतं: डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर येतंय, पुन्हा मागे जातंय. पट्टी व्हाइसमध्ये, आणि व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला यावा असा नियम. आठवीतल्या पोरींना तो उंच पडतो म्हणून पायाखाली लाकडी फळी. व्हाइसला मराठीत शेगडा म्हणतात, पण हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला आठवत नाही. कानस मात्र कानसच राहिली. बहुधा ती ज्यांच्या हातात होती त्यांना तिचं दुसरं नाव घ्यायची कधी गरज वाटली नाही. कानशींच्या दातांच्या प्रतीही आहेत: रफ, मग बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ. दुसऱ्या नावावर वर्ग दहा मिनिटं हसत होता असं कळलं. सरांनी हसू दिलं आणि मग सांगितलं की ही रफही नाही आणि बारीकही नाही, मधलीच, म्हणून तिचं असं नाव. त्यानंतर त्या कानशीचं नाव कोणी विसरलं नसेल.

नवशिक्याच्या हातात कानस डोलते. पुढे जाताना सुरुवातीला मूठ खाली जाते, शेवटी टोक खाली जातं, आणि सपाट व्हायला निघालेली कड मधे फुगते. डोळ्यांना हे दिसत नाही. काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, पट्टी खिडकीकडे धरायची आणि दोहोंच्या मधून उजेड येतो का ते पाहायचं. या कीचेनच्या दोन लांब कडा कारखान्यातून सरळ आलेल्या. तिनं त्या फक्त साफ केल्यात. तिच्या हाताची कमाई आहे ती वरच्या आणि खालच्या, करवतीनं कापलेल्या दोन कडांवर. मी गुण्या लावून पाहिला. खालची कड मधे फुगलेली आहे, दोन्ही टोकांना उजेडाची बारीक रेघ येते. वरच्या कडेवर उजेड जवळजवळ नाहीच. न विचारता कळतं की खालची कड आधी केली आणि वरची नंतर. दोन कडांच्या मधे कुठेतरी तिचा हात शिकला. कवितांच्या हस्तलिखितात कवीचा हात कुठे सापडला ते शोधायला अभ्यासकांना वह्याच्या वह्या चाळाव्या लागतात. इथे ६० मिलिमीटरच्या प्रवासात ते उघड पडलंय.

पण मला सगळ्यात आवडलेली जागा दिसत नाही, लागते. कापलेल्या, घासलेल्या लोखंडाच्या कडेला एक अतिशय बारीक लव राहते, वर्कशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. ती डोळ्याला सापडत नाही. बोट फिरवलं की चरचरते, आणि पट्टी खिशात घातली तर अस्तर फाडते. भोकाच्या दोन्ही तोंडांनाही ती येते, ड्रिल जिथून बाहेर पडतं त्या तोंडाला जास्त, कारण बाहेर पडताना ते धातूला ढकलत जातं. सर यावर बोलतात ते वाक्य फक्त इतकंच: "कडा मारून घे." स्मूथ कानस तिरपी धरून प्रत्येक कडेवरून दोन-तीन हात फिरवायचे, भोकाच्या तोंडाशी गोल कानस हलकी फिरवायची. मोजमापात याला जागा नाही. आराखड्यात ते दाखवलेलं नसतं, आणि व्हर्नियरला समजत नाही. आईनं कीचेन पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा अक्षर पाहिलं नाही, चष्मा नव्हता. तिनं अंगठा चारही बाजूंनी फिरवला, कोपऱ्यांवरून फिरवला, भोकात करंगळी घालून पाहिली, आणि म्हणाली, "टोचत नाही." भाकरीची कड, स्वेटरची शिवण आणि नातवंडांची नखं तपासून झालेल्या अंगठ्याचं ते मत होतं. मी त्याला सातापेक्षा जास्त गुण समजतो.

हे सगळं शिकण्याच्या कोणत्या खात्यात टाकायचं, यावर आपल्याकडे बरीच जुनी भांडणं आहेत, आणि त्यातलं एक मोठं आमच्या घरामागून जाणाऱ्या रेल्वेलाइनवरच आहे. तीच लाइन पुढे सेवाग्रामला आणि वर्ध्याला जाते. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि नई तालीमची मांडणी पुढे आली. हस्तोद्योग हा वेळापत्रकातला शेवटचा तास नको, त्याच्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवा, असा तो आग्रह. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: हस्तोद्योग शेवटच्या तासाला गेला आणि त्याला कार्यानुभव असं नाव मिळालं. आमच्या पिढीचा कार्यानुभव म्हणजे थर्माकोलचे बंगले आणि आदल्या रात्री आईनं पूर्ण केलेली आसनपट्टी. अपवाद होते आणि आहेत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, स्वयंपाक असं खरं काम करतात आणि गावाला लागणाऱ्या वस्तू बनवतात, ही पद्धत तिथून बऱ्याच शाळांत गेली. त्याही आधी फिनलंडनं १८६६ मध्ये हस्तकाम शाळेत सक्तीचं केलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार-कुंभारांसारख्या कारागिरांबरोबर घालवण्याची तरतूद आहे. दहा दिवसांत कानस डोलायची थांबत नाही, एवढंच मी या कीचेनच्या खालच्या कडेकडे बघून म्हणेन.

परत संहितेकडे. भोक.

भोक पाडणं ही या रचनेतली एकमेव अशी कृती की जी मागे घेता येत नाही. कडा पुन्हा घासता येतात, कोपरा आणखी गोल करता येतो; भोक पडलं की पडलं. म्हणून त्याआधी बराच विधी असतो. स्टील चकचकीत असतं, त्यावर नुसत्या सुईची रेघ दिसत नाही. म्हणून मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, पाणी फासायचं. लोखंड मोरचुदातलं तांबं ओढून घेतं आणि क्षणात पट्टी तांबूस होते. पोरांना हे जादूसारखं वाटतं, विज्ञानाच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया समोर घडत असूनसुद्धा. त्या तांबूस थरावर स्क्रायबरनं रेघ ओढली की खालचं पांढरं लोखंड उघडं पडतं आणि रेघ चमकते. एक उभी रेघ मधोमध, एक आडवी वरच्या कडेपासून सहा मिलिमीटरवर. जिथं छेदतात तिथं सेंटर पंच ठेवून हातोड्याचा एक घाव. त्या खळग्यात ड्रिलचं टोक बसतं. घाव हलका पडला, खळगा उथळ राहिला, की ड्रिल भटकतं. इथं तेच झालं.

हा अंदाज नाही. मागच्या बाजूला पुरावा आहे. आखणी मागच्या बाजूवर केली होती, आणि तिनं ती बाजू पॉलिश पेपरनं घासून पुरती साफ केली नाही. मधली उभी रेघ अजून दिसते. ती भोकाच्या मध्यातून जायला हवी होती. प्रत्यक्षात भोकाच्या काठाजवळून जाते. हेतू आणि घडलेलं, दोन्ही एकाच पानावर. मला मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच आवडते.

आणि मागची बाजू कोरी ठेवण्याला आमच्या जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. पतीच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावानं राज्य चालवणाऱ्या प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट तिथून दिला गेला, आणि अलीकडच्या उत्खननात नगरधनलाच तिच्या मुद्रेचा मातीवरचा ठसाही सापडला. नागपूरचेच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा खंड १९६३ साली काढला. त्यातली छायाचित्रं पाहताना मी लेखाच्या आधी वस्तू पाहतो. तांब्याचे पत्रे, प्रत्येकाला एक भोक, सगळ्यांना ओवणारी एक कडी, कडीला राजमुद्रा. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी, कारण बाहेरची बाजू घासली जाते, झिजते. अक्षरं भोकाला वळसा देऊन जागा सोडून चालतात. पत्रा, भोक, कडी, आणि कोणाचं काय हे सांगणारी खूण. दीड हजार वर्षांत चाबीच्या जुडग्यात आणि दानपत्रात रचनेचा फारसा फरक पडलेला नाही. एकानं गाव उघडायचं, एकानं दार. याच नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे, अडीच हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा धातूच्या बाबतीत आम्ही नवखे नाही, फक्त मधे काही पिढ्या हात खिशात घालून उभे होतो.

आता अक्षर. वर्कशॉपमध्ये अक्षरठशांचा संच आहे: ए ते झेड आणि शून्य ते नऊ. बहुतेक मुलांनी आपापली इंग्रजी आद्याक्षरं ठोकली. ठसा ठेवायचा, हातोडा मारायचा, अक्षर तयार. धाकटीला 'आ' हवा होता आणि देवनागरीचा ठसा संचात नव्हता. तिनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. शिरोरेषा तिकोनी कानशीच्या कडेनं खोदली, एक बारीक, सलग खाच. बाकीचं अक्षर डॉट पंचानं ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवलं. मोजले: सत्तेचाळीस ठिपके. 'अ'च्या पोटाच्या गोलाईत ठिपके दाटीनं आलेत, कान्यात मोकळे पडलेत. म्हणजे वळणावर ती सावकाश गेली आणि सरळ रस्त्यावर सुटली.

ठिपक्यांचं अक्षर तिला कुठून सुचलं ते विचारावं लागलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात आईच्या लग्नातला भंडाऱ्याचा पितळी गुंड आहे. त्याच्या गळ्याखाली माझ्या आजोबांचं नाव असंच ठिपक्यांनी घातलेलं आहे. स्टीलच्या ताटांवर, तांब्यांवर 'सप्रेम भेट' आणि खाली तारीख. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसलेला माणूस छोट्या पंचानं आणि हलक्या हातोडीनं टकटक करत नाव घालायचा. त्याच्याकडे कागदावर नाव लिहून दिलेलं असायचं आणि तो ते न वाचता उतरवायचा की काय असं वाटण्याइतका वेग. मग विजेवर थरथरणारं यंत्र आलं आणि ठिपके जुळून रेघ झाली. मराठी घरांतला सगळ्यात जास्त वाचला गेलेला कोरीव लेख कोणता असेल तर तो हा, ताटाच्या काठावरचा. त्याच्या सुलेखनाबद्दल कोणी कधी लिहिलेलं मला तरी आठवत नाही. वाकाटकांच्या बहुतेक लेखांतली अक्षरं पेटिकाशीर्षक, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकट. धातूत कोरताना अक्षराला डोक्याशी काहीतरी आधार हवासा वाटतो, एवढं या दोन टोकांत समान आहे. धाकटीनंही आधी शिरोरेषा पक्की खोदली आणि मग ठिपके त्या दोरीवर वाळत घातले.

पण ती शिरोरेषा तिरपी आहे. उजवीकडे चढते. टेबलावर कीचेन ठेवून पट्टीची कड आणि शिरोरेषा शेजारी पाहिल्या की पंधरा मिलिमीटरांत मिलिमीटरभर तरी चढ दिसतो. उभे काने तितकेच कललेले. इतक्या निगुतीनं ठिपके मोजून घालणारीच्या हातून रेघ अशी सुटावी हे मला खटकत होतं, आणि या जागेवर माझं रसग्रहण चार दिवस अडलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आईनं दाराशेजारच्या खिळ्याला चाबी टांगली. मी जोडे काढत होतो, डोळे खिळ्याच्या पातळीला आले. पट्टी तिरपी लटकत होती. भोक मध्यावर नाही म्हटल्यावर ती तिरपीच लटकणार. लटकणारी वस्तू आपला गुरुत्वमध्य भोकाच्या बरोबर खाली आणते. भोक डावीकडे, म्हणून पट्टीचं खालचं टोक डावीकडे झुकलेलं. आणि त्या झुकलेल्या पट्टीवर 'आ' सरळ उभा होता. शिरोरेषा आडवी, जमिनीला समांतर. काने ओळंब्यात.

पुढचं गणित मी नंतर मांडलं. भोक पट्टीच्या मध्यापासून २४ मिलिमीटर वर आणि दोन मिलिमीटर बाजूला. कल निघतो सुमारे पाच अंश. शिरोरेषेचा कलही तेवढाच, उलट दिशेनं. धाकटीला विचारलं तर तिला या गणिताचं काही विशेष वाटलं नाही. "भोक चुकलं ना, मग मी आधी दोऱ्याला लटकवून पाहिलं, आणि जशी लटकली तशी रेघ मारली. नाहीतर आजीला वाकडं दिसलं असतं." दोऱ्याला बांधून, पट्टी स्थिर झाल्यावर, शेजारी दुसरा दोरा वजन लावून सोडला आणि त्याला काटकोनात सुईनं खूण केली. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसं.

इथे मला सावध राहायला हवं. हाताचं काम आहे म्हणून त्यातल्या चुकांना सौंदर्य म्हणायची एक फॅशन आहे, आणि ती मला आवडत नाही. भोक चुकलंय. सरांनी गुण कापले ते योग्यच. सेंटर पंचाचा घाव नीट बसला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. मला जे आवडलं ते चुकीच्या नंतरचं आहे. मागे घेता न येणारी एक ओळ लिहिली गेल्यावर पुढच्या सगळ्या ओळी तिला धरून लिहिल्या गेल्या. पट्टीच्या कडांशी इमान राखायचं की पृथ्वीच्या ओढीशी, असा तो निर्णय होता, आणि वस्तू जिथं राहणार आहे, ज्या नजरेला दिसणार आहे, तिकडून तो घेतला गेला. तिला वाचायची तर लटकवूनच वाचायला हवी. सरांनी पाहिली तशी टेबलावर ठेवून नव्हे. थोरलीला मी खिळ्यापाशी नेऊन हे दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हे कोणत्या मुद्द्यात लिहायचं?" मला सांगता आलं नाही. आशयात की काव्यसौंदर्यात, खरंच माहीत नाही.

नादाबद्दल दोन शब्द राहिले. चाब्यांच्या जुडग्याला एक सैल, पातळ खणखणाट असतो. यात ही जाड पट्टी आली की वर एक जड, ठाम टणत्कार बसतो, तबल्यात डग्गा यावा तसा. लिफ्टचं दार उघडण्याआधीच आता मला कळतं की आई मंदिरातून परत आली. तिच्या सासूच्या छल्ल्याची गोष्ट तिनं सांगितली ती या आवाजावरूनच.

आता मागच्या बाजूचं शेवटचं. मोरचुदाचा तांबूस थर तिथं दोन कोपऱ्यांत शिल्लक होता, उजेडात तिरपं धरलं तरच दिसणारा. गेल्या आठवड्यात आईला चष्मा लावून तो दिसला. तांबं म्हटल्यावर तिच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक. तिनं रविवारच्या देवाच्या भांड्यांबरोबर कीचेनलाही चिंच आणि मीठ लावलं, खसखसून घासलं, आणि चकचकीत करून खिळ्याला टांगलं. लोखंडावर आम्ही मशीन ऑइलचा हात दिला होता तो गेला. बाहेर पाऊस. सोमवारी सकाळी पट्टीवर गंजाची तांबडी लव उमटली होती, शिरोरेषेच्या खाचेत तर शेंदूर भरल्यासारखी. आई ओशाळली. "मी तं बिघडवून टाकलं वं."

धाकटी शाळेतून आली, कीचेन कडीतून काढलं, आणि गॅलरीत बसून पॉलिश पेपरच्या बारीक तुकड्यानं घासायला लागली, आधी उभी, मग आडवी. खाचेतला गंज सुईनं काढला. मी म्हटलं, ठिपके पुसले जातील, जपून. ती म्हणाली, खोल आहेत. आई शेजारी मोड्यावर बसून पाहून राहिली होती. घासणं संपल्यावर तिनं खोबरेलाची बाटली पुढे केली, आणि दोघींनी कितीतरी वेळ त्या चौतीस ग्रॅमला तेल लावलं. मागच्या बाजूचा तांबूस कोपरा आता एकच उरलाय.